डिकीच्या दारातील तुटलेली तार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय वाचून काही जणींना हसू आले असेल. शिवणवर्ग आणि हळदीकुंकू करणाऱ्या मंडळात मोटारीच्या तारांचे काय काम, असे वाटणे साहजिक आहे. परंतु आज आपल्या वणीत किती घरांपुढे चारचाकी उभी असते आणि त्यांतील किती गाड्या आपण स्वतः चालवतो, हे ज्याचे त्याने मनाशी मोजून पाहावे. मुलांची शाळा, पिंपळगावचा बाजार, नाशिकच्या दवाखान्याची वारी, गडावरचे दर्शन ही सारी कामे आता आपण गाडीने उरकतो. या गाड्या बहुधा नव्या नसतात. दिरांनी वापरलेली, मामांकडून आलेली, दहाबारा वर्षे झालेली अशीच गाडी पुष्कळदा बाईच्या हाती येते. तेव्हा जुन्या गाडीची काही दुखणी आपणच ओळखावीत आणि जमतील तेवढी घरीच बरी करावीत, एवढेच मला सांगायचे आहे. आज मी एकच दुखणे घेतले आहे. गाडीच्या मागच्या, वर उघडणाऱ्या दाराच्या तारा तुटणे, हे ते दुखणे.

पूर्वीच्या अँबॅसॅडर आणि फियाट गाड्यांना मागे पेटीसारखी डिकी असे आणि तिला नुसते झाकण असे. १९८३ साली मारुती ८०० निघाली आणि मागून वर उघडणारी छोटी गाडी सामान्य घरांत आली. ती गाडी २०१४ साली बनायची थांबली, तरी तिच्यामागून आलेल्या बहुतेक छोट्या गाड्या याच घाटाच्या आहेत. या दारावर निरनिराळ्या गाड्यांत निरनिराळी उपकरणे असतात. नंबरपाटीवरचा दिवा, काचेच्या वरच्या कडेला लावलेला तिसरा ब्रेकदिवा, मागचा वायपर, काचेवरचे धुके घालवणाऱ्या तापत्या रेघा, विजेवर उघडणारे कुलूप, यांतले काही ना काही असतेच. या सर्वांना वीज लागते आणि ती दाराच्या बिजागरीपाशी गाडीच्या अंगातून दारात जाते. तेथे पेटीच्या भात्यासारख्या घड्या असलेली एक रबरी नळी दिसते. तारांची सगळी जुडी तिच्यातून गेलेली असते. आपले दुखणे बहुधा याच नळीत दडलेले असते.

असे का होते, हे सांगायला शास्त्राचे मोठे ग्रंथ नकोत. आपल्या इस्त्रीची वायर कोठे तुटते? भिंतीपाशी क्वचित, मधोमध जवळजवळ नाहीच. ती तुटते मुठीजवळ, जेथे रोज वाकते तेथे. डिकीच्या तारेचेही तसेच. दिवसातून चार वेळा दार उघडले, तर वर्षाला सुमारे दीड हजार वेळा आणि दहा वर्षांत पंधरा हजार वेळा ती तार एकाच जागी वाकते आणि सरळ होते. त्यात उन्हाळ्यात पत्रा तापतो, थंडीत रबर आणि तारेवरचे आवरण कडक होते. आधी आवरणाला चीर जाते, मग आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात. सगळे तुटले की दिवा बंद पडतो. न तुटता नुसते आवरणच गेले, तर उघडी तार शेजारच्या तारेला किंवा पत्र्याला टेकते आणि फ्यूज उडतो. हा तुटक्या तारेचा तुकडा मी बरोबर आणला आहे. तो हातोहात फिरवावा. आवरण कसे वाळक्या शेंगेसारखे तडकले आहे आणि आतले तांबे कसे हिरवे पडले आहे, ते प्रत्येकीने पाहावे. हा तुकडा माझ्या जाऊबाईंच्या गाडीतला आहे.

जाऊबाईंच्या गाडीचा नंबरपाटीचा दिवा आणि वरचा ब्रेकदिवा कित्येक महिने बंद होता. दोन वेळा बल्ब बदलला, उपयोग झाला नाही. एके ठिकाणी दाखवली, तेव्हा सगळे वायरिंगच नवे टाकावे लागेल, असे सांगून हजारांच्या घरात आकडा काढून दिला. जाऊबाईंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि गाडी तशीच चालवत राहिल्या. भगिनींनो, मला काळजी वाटते ती या "तशीच चालवत राहण्याची". पुढचा दिवा गेला तर रस्ता दिसत नाही, म्हणून आपण लगेच थांबतो. मागचा दिवा गेला तर आपले काहीच अडत नाही. अडते ते मागून येणाऱ्याचे. नांदुरीहून गडावर चढणारा घाट डोळ्यांपुढे आणा. श्रावणातले धुके उतरले आहे. वळणावर आपण ब्रेक दाबतो आणि मागच्या जीपवाल्याला ते जरा उशिरा कळते. द्राक्षाच्या दिवसांत रात्री मजुरांना घेऊन जाणाऱ्या गाड्या आणि ट्रॅक्टर याच रस्त्यांवर असतात. बिनदिव्याच्या ट्रॉलीला आपण नावे ठेवतो. मग आपली गाडी तरी बिनदिव्याची का असावी?

कायद्याचेही हेच म्हणणे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणे रात्री गाडीचा मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि पांढऱ्या दिव्याच्या उजेडात मागची नंबरपाटी १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती पाचपाच वर्षांनी वाढवून घ्यायची तर गाडीची तपासणी होते आणि त्या वेळी दिवेही पाहतात. तेव्हा हा पाच वॅटचा लहानसा दिवा वाटतो तितका लहान नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. आधी दुखणे ओळखायचे. एखादा दिवा बंद दिसला की प्रथम बल्ब काढून पाहावा आणि मग फ्यूज पाहावा. फ्यूजची डबी स्टिअरिंगच्या खाली किंवा इंजिनाजवळ असते आणि कोणता फ्यूज कशाचा, हे बहुधा तिच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. फ्यूजच्या रंगावरून त्याची ताकद कळते. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच रंगाचा फ्यूज घालावा. अधिक ताकदीचा घालणे किंवा चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळून काम भागवणे, हे घराला आग लावण्यासारखे आहे. फ्यूज हा तारेचा रखवालदार आहे. तो वारंवार उडतो तेव्हा तो ओरडून काही सांगत असतो.

बल्ब आणि फ्यूज चांगले असले, तर नळीवर संशय घ्यावा. त्याच्या खुणा अशा. दार हलवताना दिवा लुकलुकतो. दार अर्धे उघडे असता वायपर चालतो, मिटल्यावर थांबतो. दार वर केले की फ्यूज उडतो. ब्रेक दाबला की नंबरपाटीचा दिवा मंद होतो. ही शेवटची खूण बहुधा अर्थच्या तारेची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या सामाईक तारेची असते. ती तुटली की दारातले सगळेच एकदम बंद पडते किंवा वेड्यासारखे वागू लागते. यासाठी दोघींनी मिळून पाहणी करावी. एकीने आत बसून दिवे लावावेत, ब्रेक दाबून धरावा. दुसरीने दार अगदी सावकाश वरखाली करीत दिव्याकडे पाहत राहावे. सासू-सुनेने करण्याजोगे हे काम आहे. भांडायला यात वाव नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर टेस्ट लॅम्प घ्यावा. बारा व्होल्टचा एक बल्ब, त्याला दोन तारा, एका तारेला चिमटा आणि दुसरीला टोक, इतकेच ते साधन. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात तयारही मिळते. दिवे चालू ठेवून चिमटा गाडीच्या रंग नसलेल्या उघड्या पत्र्याला लावावा आणि टोक नळीच्या अलीकडे, म्हणजे गाडीच्या बाजूला, त्या तारेच्या जोडापाशी टेकवावे. लॅम्प लागला तर तेथपर्यंत वीज आली आहे. मग तेच टोक नळीच्या पलीकडे, दाराच्या बाजूला टेकवावे. तेथे लॅम्प लागला नाही तर तार नळीत तुटली आहे, हे सिद्ध झाले. दोन्हीकडे लॅम्प लागतो आणि बल्ब मात्र लागत नाही, असे असेल तर अर्थची तार पाहावी. बल्बच्या अर्थच्या टोकापासून एक सुटी तार उघड्या पत्र्याला लावावी. बल्ब लागला तर अर्थ तुटला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी सांगते, त्या मात्र कोणी विसरू नयेत. पहिली, हातांतल्या सोन्याच्या आणि धातूच्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्यात आणि मंगळसूत्र पदराखाली नीट खोचावे. बारा व्होल्टचा आपल्याला झटका बसत नाही, हे खरे. पण धातूची बांगडी बॅटरीच्या दोन टोकांमध्ये आली तर क्षणात लाल होते आणि हात पोळतो. दुसरी, तार कापण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडवावी. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावा लागेल, तेवढे चालेल. तिसरी, जुन्या गाडीच्या दाराचे गॅसचे दांडे दमलेले असतात. दार डोक्यावर पडू नये म्हणून त्याखाली मजबूत काठीचा टेकू द्यावा. चौथी, डिकीत सी.एन.जी.ची टाकी असेल तर तेथे आग, लायटर किंवा तापती सळई बिलकूल नेऊ नये. असे काम कारखान्यातच द्यावे. पेट्रोलचा वास येत असला तरी तेच.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. रबरी नळीची दोन्ही तोंडे हलक्या हाताने खाचेतून काढावीत. पेचकसाने ओरबाडू नयेत. रबर फाटले तर पावसाचे पाणी आत शिरते. नळी एका बाजूला सरकवली की जुडी उघडी पडते. एकेक तार बोटांत धरून वाकवून पाहावी. तुटलेली तार मऊ लागते, कारण आत तांबे नसते, नुसते आवरण असते. शिवणाऱ्या बोटांना हे चटकन कळते. जाऊबाईंच्या गाडीत तीन तारा अशा तुटलेल्या निघाल्या आणि चौथीचे आवरण गेलेले होते. म्हणजे सगळे वायरिंग चांगले होते, बिघडली होती ती वीतभर जागा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तुटलेली दोन टोके तेथल्या तेथे पिळून वर टेप गुंडाळली, तर दिवा लागेल, पण महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जाईल. जोड ताठ असतो. वाकणाऱ्या जागी ताठ जोड ठेवला की त्याच्या कडेला तार पुन्हा तुटते. बाहीला कोपरावर ठिगळ लावले की ठिगळाच्या कडेला कापड फाटते, तसेच हे. म्हणून नळीतला वाकणारा सगळा भाग काढून टाकायचा आणि त्या जागी नव्या, मऊ तारेचा अखंड तुकडा घालायचा. त्याचा एक जोड गाडीच्या अंगात आणि दुसरा दाराच्या आत, दोन्ही नळीच्या बाहेर. वाकणाऱ्या जागी जोड नको, हे एकच वाक्य लक्षात राहिले तरी माझे आजचे बोलणे फुकट गेले नाही असे मी समजेन.

नवी तार घराच्या वायरिंगची घेऊ नये. तिच्यात थोडेच जाड धागे असतात आणि ती वाकवली की मोडते. गाडीची तार पुष्कळ बारीक धाग्यांची, मऊ असते. जाडी जुन्या तारेइतकी किंवा थोडी जास्त असावी, कमी कधीही नको. पाच वॅटचा नंबरपाटीचा दिवा अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज घेतो, एकवीस वॅटचा ब्रेकदिवा पावणेदोन अँपिअर घेतो. पण काच तापवणाऱ्या रेघा दहा अँपिअरच्याही वर जातात. त्यांची तार जाड असते ती उगाच नव्हे. दुकानात जाताना जुन्या तारेचा तुकडा बरोबर न्यावा, जशी आपण ब्लाउजपीससाठी साडी नेतो.

सगळ्या तारा एकदम कापू नयेत. एक कापावी, जोडावी, मग दुसरी घ्यावी. म्हणजे रंगांची गल्लत होत नाही. एकाच रंगाची नवी तार मिळाली असेल तर दोन्ही टोकांना निरनिराळ्या रंगांचा दोरा बांधून खूण करावी. जोडासाठी चिमट्याने दाबायच्या धातूच्या नळ्या मिळतात. त्यांना आग लागत नाही, म्हणून नवशिकीला त्या बऱ्या. सोनार डाग देतो तसा डाग देता येत असेल तर तोही चालेल. वर उष्णतेने आवळणारी प्लॅस्टिकची नळी घालावी. ही नळी जोड करण्याआधीच तारेत ओवून ठेवायची असते. जोड झाल्यावर आठवली तर सगळे उसवावे लागते. नुसत्या टेपवर भरवसा ठेवू नये. उन्हाने तिचा गोंद पाझरतो आणि ती सुटते. सगळे जोड एकाच ठिकाणी आणू नयेत, बोटभर अंतराने मागेपुढे करावेत. गोधडीच्या शिवणी एकावर एक आल्या की तेथे गाठ होते, तसे येथे होऊ देऊ नये.

तारा रबरी नळीतून ओवणे हे पुरुषांना अवघड वाटणारे काम आपल्याला सोपे आहे. परकराच्या नेफ्यात नाडी कशी ओवतो? तसेच. मजबूत दोरा आधी नळीतून काढावा, त्याला तारांची टोके एकाखाली एक अशी निमुळती बांधावीत आणि सावकाश ओढावे. नळी अडत असेल तर आत थोडी टाल्कम पावडर टाकावी. तेल लावू नये, त्याने रबर खराब होते. तारांना किंचित सैलपणा ठेवावा. दार पूर्ण वर केले तरी तार ताणली जाऊ नये आणि मिटले तरी कोठे चेमटू नये. दोन्ही पाहून मगच नळीची तोंडे खाचेत नीट बसवावीत.

शेवटी बॅटरी जोडून सगळे तपासावे. दार दहा वेळा उघडावे, दहा वेळा मिटावे आणि दर वेळी दिवे पाहावेत. मग गाडीवर तांब्याभर पाणी ओतून नळीपाशी आत ओल येते का, तेही पाहावे. जाऊबाईंची गाडी आम्ही दोघींनी एका दुपारी, चहाच्या एका विश्रांतीसह पुरी केली. त्यानंतर दोन पावसाळे गेले. दिवे चालू आहेत.

काही कामे मात्र आपली नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. नवी, हमीच्या मुदतीतली गाडी आपण उघडू नये. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावू नये, त्यांत जिवावर बेतणारा दाब असतो. मागच्या कॅमेऱ्याची तार वेगळ्या जातीची असते, ती साध्या जोडाने नीट चालत नाही. आणि आपल्या भागात एक खास गोष्ट घडते. कांद्याच्या चाळीजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ गाडी उभी असली की उंदीर तारा कुरतडतात. नळीतल्या तारा ठीक असून बिघाड असेल, तर गालिचाखाली आणि इंजिनापाशी उंदराच्या खुणा शोधाव्यात. तसे असेल तर जाणत्या माणसाकडे जावे.

जाणत्या माणसाकडे जाणे कमीपणाचे नाही. चांगल्या कारागिराचे हात आपल्याला हवेतच. पण त्याच्याकडे जाताना "गाडीचे काहीतरी बिघडले आहे" असे म्हणणे वेगळे आणि "नळीच्या अलीकडे वीज येते, पलीकडे येत नाही" असे म्हणणे वेगळे. दुसरे वाक्य बोलणाऱ्या बाईला कोणी सगळे वायरिंग नवे टाकायला सांगत नाही. आपण हाताने दुरुस्ती करा अगर करू नका. आपल्या वस्तूचे दुखणे आपल्याला कळणे, यात पैसा वाचतो आणि मानही राहतो.

शिवणयंत्र आपल्या घरात आले तेव्हा त्याची बॉबीन कशी बसवायची, पट्टा कसा आवळायचा, हे आपल्या आज्या-आयांनी शिकून घेतलेच. मिक्सर आला, शेगडी आली, त्यांच्याही खोड्या आपण ओळखतो. गाडी ही त्याच रांगेतली पुढची वस्तू आहे. तेव्हा माझी मंडळाला एक सूचना आहे. येत्या महिन्यात एखाद्या रविवारी आपण गाड्या घेऊन मंडळापुढे जमावे, दोघीदोघींच्या जोड्या कराव्यात आणि प्रत्येक गाडीचे मागचे दिवे तपासावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. ज्यांचे दिवे बंद निघतील त्यांची यादी करून एकमेकींना हात द्यावा. नवरात्रात गडाच्या रस्त्याला गर्दी होण्यापूर्वी मंडळाच्या सर्व भगिनींच्या गाड्यांचे मागचे दिवे लागलेले असावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

तारेचा तो तुकडा मात्र परत द्यावा. पुढच्या वर्गाला तो लागेल.